अप्पांनी न विचारलेली अकरा वर्षं

आमच्या महांतेशकडं लोक अजून वळून बघतात, पण ते त्याच्या खेळापायी न्हाई, उंचीपायी. साडेसहा फूट माणूस अंबाजोगाईच्या मंडईत उभा राह्यला की भाजीवाली आधी वर बघती अन् मग भाव सांगती. कुणी विचारतं, "काय खाऊन वाढले वो?" तो नुसता हसतो. अकरा वर्षं पैसे घेऊन बास्केटबॉल खेळला माझा भाऊ. बंगळूरला खेळला, मद्रासला खेळला, एक साल तर थायलंडात जाऊन खेळला. भारताच्या संघात बी होता एकदा. हे सांगितलं की लोक म्हणतात, "आस्सं का," अन् क्रिकेटचं काढतात. मला असा संताप येतो म्हणून सांगू. पण मग वाटतं, लोकांवर काय चिडायचं, महादेवी? त्याच्या सख्ख्या बापानं कधी विचारलं न्हाई, अन् त्याला कारण तू.

आता हे सगळं सांगायचंच ठरवलंय तर नीट पहिल्यापासून सांगते.

आमी लिंगायत. आमचे अप्पा, बसप्पा, किराणा दुकानवाले. गळ्यात एकदा लिंग बांधलं की ते मरेस्तोवर उतरवायचं न्हाई, अंघोळीला न्हाई, दवाखान्यात न्हाई. पूजा करायची ती बी डाव्या तळहातावर घेऊन, दोरा गळ्यातच ठेवून. अप्पांनी हयातभर ती पूजा केल्याबिगर चहाचा घोट घेतला न्हाई. गावात लई जणांनी हे ढिलं केलं. आंघोळीच्या वखताला खुंटीला अडकवणारे बी मला म्हाईत हायेत. अप्पा तसे नव्हते. त्यांच्यापुढं ह्या गोष्टीत चेष्टा चालायची न्हाई.

एकोणीस वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं. सासर उदगीरचं, अप्पांपेक्षा बी कडक. बस्ता बांधायला मी मावशीकडं औरंगाबादला गेलते, तवा औरंगाबादच म्हणत. त्याच आठवड्यात तिथं महांतेशची मॅच होती. बावीस वर्षांचा होता तो. कॉलेजच्या सिमेंटच्या मैदानावर शिकलेलं पोरगं, अन् ह्या मॅचला बंगळूरच्या एका बँकेची माणसं येणार होती, आपल्या संघासाठी पोरं निवडायला. खेळला अन् आवडला तर नोकरी, पगार, बाहेरचं जग. न्हाई खेळला तर अप्पांच्या दुकानात तागडी. आठ दिवस झोपला नव्हता बिचारा. मावशीला म्हणलं, शालू उद्या बघू, आज मॅच बघू.

मॅच सुरू व्हायच्या आधी पंच एकेका पोराला तपासत होता. महांतेशच्या गळ्यात दोरा दिसला. ओढून बघितलं तर चांदीची डबी, आत लिंग. आधीच्या मॅचला तो बनियनच्या आत दाबून खेळायचा, कुणी बघितलं नव्हतं. पंच म्हणला, "हे काढ. धातूचं हाय, दुसऱ्याच्या डोळ्याला लागंल." चुकीचं बोलला असं न्हाई. महांतेश म्हणला, "सर, हे काढता येत न्हाई." पंच म्हणला, "मग खेळता येत न्हाई." अन् हा शहाणा खरंच बाहेर आला. माझ्यासमोर येऊन बसला अन् बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

मी त्याच्यावर धावूनच गेले. म्हणलं, "ऊठ. खुळा हायेस का बे?" मी बाई असून त्याला बे म्हणायचे, लहानपणापासून. तो म्हणला, "अक्का, अप्पा काय म्हणतील?" मी म्हणलं, "अप्पा हितं हायेत का? दोन तासाचा प्रश्न हाय. मी धरते हातात. माझा हात काय परका हाय?" तो न्हाईच म्हणत होता. मान हलवत होता, डोळ्यात पाणी. मग मीच त्याच्या मागं गेले, मानेवरची गाठ सोडली अन् लिंग काढून घेतलं. त्यानं काढलं न्हाई. हे मला स्पष्ट सांगायचंय. गाठ मी सोडली.

तो खेळायला गेला. मी बघणाऱ्यांसाठीच्या फळ्यांच्या उंच पायऱ्यांवर बसले, डबी डाव्या तळहातात, वरून उजवा हात. मावशी म्हणली, रुमालात गुंडाळून पिशवीत टाक. मी म्हणलं, लिंग म्हंजे काय एस्टीचं तिकीट हाय का पिशवीत टाकायला? मोठी धर्माची मी. सगळी मॅच तशीच बसले, घाम आला तरी हात सोडला न्हाई.

अन् मग शेवटचं मिनिट आलं. दोन्हीकडं सारखे पॉइंट. महांतेश दोघांच्या मधून वर उठला, असा उठला की खाली यायचं विसरला वाटलं, अन् बॉल जाळीत टाकला. सगळे लोक उभे. मी बी उभी राह्यले अन् टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी.

फळीच्या फटीतून डबी खाली गेली. खाली नाली वाहत होती, पावसाळ्याचे दिवस. आमी अंधार पडेस्तोवर शोधलं. महांतेश तसाच घामेजल्या कपड्यात नालीत उतरला, कोपरापर्यंत हात घालून गाळ उपसत होता. वर बँकेची माणसं त्याला हुडकत होती, अभिनंदन करायला. साडेसहा फूट पोरगं नालीत गुडघ्यावर बसलेलं, अन् मी काठावर रडत उभी. न्हाईच सापडलं.

परतीच्या बसमधी त्यानं अन्नाला हात लावला न्हाई. लिंग गेलं की अन्न घ्यायचं न्हाई, दुसरं मिळेस्तोवर. बीड गेल्यावर मला म्हणला, "अक्का, तू तोंड उघडायचं न्हाई. तुझ्या सासरी कळलं की हिनं भावाचं लिंग उतरवून नालीत पाडलं, तर लग्न मोडंल. मी सांगतो अप्पांना." मी म्हणलं न्हाई, असं कसं. पण ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हणलं. माझ्या लग्नाला अठरा दिवस होते. मी घाबरले होते अन् तो वाचवतोय म्हणल्यावर मला बरं वाटलं. लाज वाटती सांगायला, पण बरं वाटलं.

त्यानं अप्पांना सांगितलं, "खेळायचं होतं म्हणून काढलं, बाकावर ठेवलं, गेलं." अप्पा दुकानाच्या गादीवर बसले होते. मारलं न्हाई, ओरडले न्हाई. म्हणले, "हरवलं असतं तर समजलो असतो. तू खेळापायी उतरवलंस." दुसऱ्या दिवशी महांतेश कपिलधारला गेला, धबधब्याखाली उभा राह्यला, तिथल्या मठातल्या स्वामींकडून नवं लिंग घेऊन आला. अप्पा म्हणले, "लिंग म्हंजे सदऱ्याचं बटण हाय का, तुटलं की दुसरं टाकायला? तुझ्या हातचं पाणी मला चालणार न्हाई." अन् ते जे बंद झालं ते झालं. बोलणं बी बंद, पाणी बी बंद. माझ्या लग्नात महांतेश मांडवात वाढत होता तर अप्पांनी आपल्या पानावर हात आडवा धरला. चारचौघांनी बघितलं. मी शालू नेसून पाटावर बसलेली. मी बी बघितलं, अन् गप राह्यले.

तो बंगळूरला गेला. पुढच्या अकरा वर्षांत सणाला सुद्धा घरी आला न्हाई. फोन मलाच करायचा. काय खेळला, कुठं खेळला, दोन वाक्यात सांगायचा. "जिंकलो अक्का." "हरलो अक्का." "गुडघ्याची शीर तुटली अक्का, ऑपरेशन हाय." मी हूं हूं करायचे, मला बी त्यातलं काय कळायचं न्हाई. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, बापाशिवाय कोण उभं राहील मांडवात? दुसऱ्या ऑपरेशननंतर पाय वळेना. तेहतिसाव्या वर्षी खेळ संपला. आपल्या इथं तेहतिसाव्या वर्षी माणसाचं दुकान कुठं बसायला लागतं, अन् ह्याचं सगळं उरकलं होतं. वर्षभर तिकडंच राह्यला, मग अंबाजोगाईला आला. दवाखान्याच्या बाजूला खोली घेतली, एका शाळेत खेळाचा सर झाला.

इकडं माझं काय झालं? ज्या संसारासाठी गप बसले तो नऊ वर्षं टिकला. हे गेले हार्टनं. पोरबाळ न्हाई. आई आधीच गेलती, म्हणून मी अप्पांकडं आले. आता तुमी म्हणताल, मग तवा कावून न्हाई सांगितलंस? नवरा न्हाई, सासर न्हाई, भीती कशाची? खरं सांगू? भीती अप्पांची. त्यांचं जेवण माझ्या हातचं, पाणी माझ्या हातचं. सगळ्या जगात ते एका माझ्यावर भरवसा ठेवून होते. ते बी गेलं तर मी कुठं जाऊ? म्हणून उद्या सांगते, परवा सांगते, संक्रांत होऊ दे, दिवाळी होऊ दे. माणूस स्वतःला फसवायला लागला की त्याला काय कमी कारणं न्हाई सापडत.

महांतेश रोज शाळा सुटली की यायचा. दारात डोकं वाकवून आत यायचा, स्वयंपाकघरात बसायचा, माझ्याशी बोलायचा. अप्पा बाहेरच्या खोलीत पलंगावर. तो आला की भिंतीकडं तोंड करायचे. सात वर्षं हेच. मला कधी वाटायचं ह्या दोघांची डोकी धरून आपटावी एकमेकांवर. अन् मग आठवायचं की डोकं आपटायचं तर आपलं.

ह्या साली पाडव्यानंतर अप्पांचं अन्न सुटलं. चौऱ्याऐंशी वय. डॉक्टर म्हणले, "घरी न्या, आता जेवढं तोंडात जाईल तेवढं." एवढा मोठा अप्पा, रिकाम्या पोत्यासारखा हलका झालता. महांतेशनंच उचलून रिक्षात ठेवलं, तवा अप्पा शुद्धीत नव्हते म्हणून.

एक दिवस मी औषधाला खाली गेलते. यायला अर्धा तास झाला. वर येऊन बघते तर महांतेश पलंगाशी गुडघे मोडून बसलेला, तो दुखरा पाय एका बाजूला लांब केलेला, हातात चमचा. अप्पांचे ओठ तहानेनं पार चिरले होते, पांढरे पडले होते. अन् तरी दाबून मिटलेले. पाणी हनुवटीवरून उशीवर गेलतं. महांतेश म्हणत होता, "अप्पा, एक घोट. नंतर शिव्या द्या." म्हातारा तोंड उघडंना. तहानेनं मरंल पण उघडणार न्हाई.

माझ्या हातातली औषधाची पिशवी मी खाली ठेवली. म्हणलं, "अप्पा, तोंड उघडा. त्यानं लिंग उतरवलंच न्हाई. मी उतरवलं."

महांतेश म्हणला, "अक्का, गप."

"न्हाई गप. एकोणीस वर्षं गप बसले. अप्पा, तो खेळणार नव्हता. बूट काढत होता. मी मागून गाठ सोडली. माझ्या हातून पडलं ते."

अप्पांनी डोळे उघडले. लई वेळ माझ्याकडं बघत होते. मग म्हणले, "पडलं कावून?"

"टाळी वाजवली."

"कशापायी?"

"ह्यानं बास्केट केली होती, अप्पा. लई चांगली केली होती."

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती. अप्पांनी मान वळवली, महांतेशकडं. एकोणीस वर्षांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं असंल. म्हणले, "पाणी दे बे."

महांतेशनं घाईत निम्मा चमचा उशीवरच सांडला. दुसरा दिला, तिसरा दिला. मी आत जाऊन पदर तोंडात धरला. सुटले, वाटलं. लई सुटले.

संध्याकाळी मी पेज घेऊन गेले. अप्पांनी ओठ मिटले. मी म्हणलं, "अप्पा, मी हाय, महादेवी." त्यांना म्हाईत होतं मी कोण हाय. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. वाटी महांतेशनं माझ्या हातातून घेतली. मला काय वाटलं म्हणून विचारता? मेल्यागत झालं. दहा वर्षं ज्या हातानं भरवलं तो हात त्यांना नको झाला. पण बोलायला तोंड कुठं होतं मला? अप्पा सगळ्यांना एकाच मापानं मोजायचे, पोरगी म्हणून सूट द्यायची त्यांची रीत नव्हती. मी पलंगापासून उठले अन् स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत जाऊन बसले. तिथून दिसायचं सगळं.

महांतेशनं शाळेतून रजा काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेज पाजल्यावर अप्पा म्हणले, "त्या दिवशी जिंकला का?"

"जिंकलो अप्पा. दोन पॉइंटनं. ती शेवटची बास्केट..."

"मग? पुढं?"

महांतेशला कळंना. "पुढं काय, अप्पा?"

"पुढं काय झालं? बंगळूरला गेलास. मग?"

अन् माझा भाऊ बोलायला लागला. दोन वाक्यात बोलणारा माणूस, त्याच्या पोटात इतकं होतं हे मला बी म्हाईत नव्हतं. पहिल्या साली बाकावरच बसवलं ते सांगितलं. भाषा येत न्हाई म्हणून संघातली पोरं कशी खोड्या काढायची ते सांगितलं. पहाटे चारला पळायला न्यायचे, मैदानाला शंभर फेऱ्या. अप्पांना खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. मधीच विचारायचे, "ती जाळी खालून उघडी कावून असती? बॉल राहील की आत." महांतेश म्हणायचा, "राहायला नकोच, अप्पा, खाली पडला पाहिजे." अप्पा म्हणायचे, "मग टाकायचा कशाला?" अन् महांतेश हसायचा, मी दाराआड हसायचे. घरात हसण्याचा आवाज आला म्हणून मलाच कसंतरी झालं.

जेवणाचं विचारलं. त्या परक्या मुलखात काय खाल्लं? महांतेश म्हणला, "थायलंडाला गेलो तवा नुसता भात अन् दही. नऊ किलो उतरलो. पण दुसऱ्या कशाला शिवलो न्हाई." अप्पा म्हणले, "हं." मग, "अन् लिंग?"

महांतेशनं सदरा वर केला. छातीखाली कापडाची पट्टी, तिच्यात नवं लिंग शिवून बसवलेलं, डबी न्हाई काही न्हाई, कुणाला लागू नये म्हणून. म्हणला, "अकरा वर्षं असंच बांधून खेळलो. एकदा बी उतरवलं न्हाई. पडायचो तवा तिथंच लागायचं." पट्टी सरकवली तर खाली रुपयाएवढा काळा घट्टा. अप्पांनी हात लांब केला अन् त्या घट्ट्यावर बोट ठेवलं. तसंच ठेवून पडून राह्यले. महांतेश वाकून उभा, सदरा हातात. अप्पांच्या डोळ्यातलं पाणी कानाकडं चाललं होतं, अन् पुसायला मी पुढं जाऊ शकत नव्हते.

मग रोज तेच. सकाळी पेज, मग गोष्ट. अप्पा थकले की डोळे मिटायचे, महांतेश थांबायचा. अप्पा डोळे न उघडताच म्हणायचे, "थांबलास कावून? मी ऐकतोय." साल संपलं की विचारायचे, "हे कितवं झालं?" "तिसरं, अप्पा." "किती हायेत?" "अकरा." "सांग मग. लवकर सांग."

पण महांतेशला लवकर सांगता येत नव्हतं. एकोणीस वर्षं साठवलेलं, त्याला एक बी मॅच सोडवंना. कुणी बॉल दिला, कुणी अडवलं, पंच कसा होता, सगळं. मला वाटायचं, अरे, चार मिनिटं भारताच्या संघातून खेळलास ते आधी सांग की. ते सातव्या सालात होतं. तो म्हणला, "नको अक्का, क्रमानं सांगतो. मधलं राहील."

चौथ्या दिवशी दुपारी पाचवं साल सुरू झालं. मद्रासची मॅच. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते. महांतेश सांगायचा अन् अप्पा "हं" म्हणायचे. आवाज लई बारीक झालता, पण दर वाक्याला यायचा. महांतेश रंगात आला, उठून उभा राह्यला. भिंतीवर उंच कॅलेंडर होतं, तीच बास्केट धरली. पलंगाकडं पाठ, हात वर, दुखऱ्या पायावर भार न देता दाखवत होता की तो कसा वळला. "दोघं अंगावर होते, अप्पा. चाळीस सेकंद राह्यले होते. आमी एकनं मागं."

"हं" आला न्हाई.

मी मान वर करून बघितलं. अप्पांचे डोळे उघडे होते, त्याच्या वर केलेल्या हाताकडं लागलेले. पांघरूण हलत नव्हतं. मी सूप बाजूला ठेवून उठले, दोन पावलं आले. मला कळलं होतं. त्याला हाक मारायला तोंड उघडलं, अन् तशीच उभी राह्यले. माझ्यानं झालं न्हाई. चाळीस सेकंद राह्यले होते, अन् तो आपल्या बापाला सांगत होता. मी म्हणलं, एवढी मॅच होऊ दे.

"मग मी बॉल सोडलाच न्हाई, अप्पा. असा आत घुसलो, असा, अन् टाकला. गेली." हसत हसत तो वळला.

अकरा वर्षांतली चार सांगून झालती, अन् पाचव्यातली ही एक मॅच. तो खेळ सोडून परत आला त्याच दिवशी मी तोंड उघडलं असतं, तर सगळी अकरा सांगून झाली असती, अन् वर त्याला सात वर्षं अप्पांजवळ नुसतं बसता आलं असतं.